अंबाडीचं पान अन् गांजाचा कायदा

दर पावसाळ्यात कुणीतरी धुऱ्यावरच्या झाडाचा फोटो पाठवतं अन् विचारतं, भाऊ, हा गांजा तर नाही ना? बहुतेक वेळा ती अंबाडी असते. हा गोंधळ नावातच आहे. स्वीडनच्या लिनियसने १७५३ साली भांगेच्या झाडाला कॅनाबिस सटायव्हा म्हटलं आणि पुढे अंबाडीला हिबिस्कस कॅनाबिनस, म्हणजे भांगेसारखी.

ओळख सोपी आहे. अंबाडीचं पान खोल चिरलेलं असलं तरी बुडाशी एकसंध असतं, खोडाला बारीक काटे, फूल भेंडीसारखं पिवळसर आणि मधोमध गडद लाल. भांगेला देठाच्या टोकापासून पाच-सात सुट्या, करवती कडांच्या पात्या फुटतात आणि वास उग्र येतो. धागा मात्र दोन्हींच्या सालीत आहे. आपल्याकडे दावं, कासरा, वेसण अंबाडीची नाहीतर सनाची. इंग्रजांच्या कागदात सनही 'हेम्प' अन् गांजाही 'हेम्प', तेव्हा जुनं दफ्तर वाचताना जपून!

भांगेची नर-मादी झाडं वेगळी असतात. मादीच्या फुलांचे शेंडे म्हणजे गांजा, पानं म्हणजे भांग, राळ म्हणजे चरस. बी धरलं की माल हलका पडतो, म्हणून पिकवणारे नर झाडं आधीच उपटून टाकत.

१८९३ साली सरकारने हेम्प ड्रग्ज कमिशन नेमलं. सात सदस्य, त्यात तीन हिंदी. अकराशेवर साक्षी घेऊन १८९४ ला अहवाल आला: बेताच्या सेवनाने फारसं नुकसान नाही, सरसकट बंदी नको, परवाना आणि कर लावा. मला यात वैद्यकीपेक्षा महसुलाचा वास जास्त येतो. आपला चांदा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतात होता. गडचिरोली त्यातच, वेगळा झाला १९८२ ला. प्रांतातली गांजाची शेती खंडव्याकडे निमाडात, परवान्याने, अन् माल सरकारी गोदामात. चांद्याच्या शेतकऱ्याच्या वाट्याला त्यातलं काही आलं नाही.

१९६१ च्या आंतरराष्ट्रीय कराराने शेंडे आणि राळ धरली, नुसती पानं अन् बी सोडली. आपला एनडीपीएस कायदा १४ नोव्हेंबर १९८५ ला लागू झाला, त्यातही गांजाची व्याख्या तीच. इथंच आपली माणसं फसतात. "भांग चालते, मग परसात एक झाड लावलं तर काय बिघडलं?" बिघडतं. व्याख्या शेंड्याची असली तरी लागवडीची मनाई अख्ख्या झाडाला आहे. शिक्षा दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी अन् एक लाखापर्यंत दंड. धागा-बियांसाठी सरकार वेगळी परवानगी देऊ शकतं. उत्तराखंडने कमी नशेच्या वाणाला तशी दिली. बियांचं तेल २०२१ पासून देशात खाद्य म्हणून मान्य आहे. पण दुकानातली बाटली म्हणजे पेरणीचा परवाना नव्हे.

अन् जमीन ठेक्याने देणाऱ्यांनी कलम ४६ वाचावं. तुमच्या शेतात दुसऱ्याने तुरीच्या ओळीत हे झाड लावलं, तुम्हाला ते ठाऊक होतं अन् तरी तुम्ही पोलिसांना कळवलं नाही, तर तुम्हीही शिक्षेस पात्र ठरता. सातबारा तुमच्या नावावर असतो. तूर डोक्याइतकी झाली की ठेक्याच्या वावरातून एक चक्कर मारत चला.