‘कॅव्हेट’ म्हणजे स्थगिती नव्हे

निवडणूक आयोगाने १७ फेब्रुवारी २०२३ रोजी शिवसेना हे नाव आणि धनुष्यबाण हे चिन्ह एकनाथ शिंदे यांच्या गटाला दिले. त्यापाठोपाठ या गटाने सर्वोच्च न्यायालयात ‘कॅव्हेट’ दाखल केल्याची बातमी आली. मोठ्या निकालानंतर हा शब्द हमखास वाचायला मिळतो. अनेक वाचक त्याचा अर्थ ‘स्थगिती’ असा लावतात. तो बरोबर नाही, आणि हा गैरसमज महागात पडू शकतो.

शब्द लॅटिन आहे. मुळात ते क्रियापद असून ‘त्याने सावध असावे’ एवढाच त्याचा अर्थ. इंग्रजीने त्याचे नाम केले. सावध कोणी असावे, हे मात्र प्रत्येक क्षेत्रात बदलत गेले.

न्यायालयात सावध राहायचे असते ते न्यायाधीशांनी. दिवाणी प्रक्रिया संहितेत १९७६च्या दुरुस्तीने कलम १४८-अ आले. आपल्याविरुद्ध कोणी अर्ज करील अशी शंका असलेल्या व्यक्तीला त्यानुसार आधीच न्यायालयाला कळविता येते, की माझे म्हणणे ऐकल्याखेरीज आदेश देऊ नये. भाऊबंदकीतील वाटणी असो वा सोसायटीचा पुनर्विकास, एकतर्फी मनाई हुकमाची धास्ती असणाऱ्याला हा मोठाच आधार. मृत्युपत्राच्या प्रोबेटला हरकत घेण्यासाठीही कॅव्हेट दाखल होते. त्याची तरतूद १९२५च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यात आहे.

पण या आधाराला मर्यादा आहेत. कॅव्हेटने मालमत्तेवर कोणताही हक्क मिळत नाही, की समोरच्याचे बांधकाम थांबत नाही. मिळते ती फक्त सुनावणीची संधी. शिवाय कॅव्हेटची सूचना प्रतिपक्षाला रजिस्टर्ड टपालाने, पोचपावतीसह पाठवावी लागते. म्हणजे आपली धास्ती त्याला आपणच कळवायची! संहितेखालील या कॅव्हेटचे आयुष्य नव्वद दिवसांचे. तोवर अर्ज आला नाही, तर ते आपोआप संपते. धूर्त प्रतिपक्ष एक्याण्णवाव्या दिवसाची वाट पाहू शकतो. तेव्हा तारीख लिहून ठेवावी आणि वेळेत नवे कॅव्हेट दाखल करावे, हे उत्तम.

मुदत टळल्याचे जगप्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील आहे. तेथील पेटंट कायद्यात १८३६ ते १९१० या काळात कॅव्हेटची सोय होती. शोध पूर्णत्वास गेला नसेल, तरी त्याची आगाऊ नोंद करता येई. ती एक वर्ष टिके. इटलीहून आलेल्या अंतोनियो मेउच्ची यांनी १८७१ मध्ये तारेतून आवाज पाठविण्याच्या आपल्या यंत्रासाठी असे कॅव्हेट दाखल केले. १८७४ नंतर मात्र त्याचे नूतनीकरण झाले नाही. १८७६ मध्ये टेलिफोनचे पेटंट अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांना मिळाले. नूतनीकरणाचे दहा डॉलर मेउच्चींना भरता आले असते, तर बेल यांना ते पेटंट मिळूच शकले नसते, असे अमेरिकी प्रतिनिधिगृहाने २००२ मध्ये ठरावात नमूद केले. इतिहासकारांत यावर मतभेद आहेत. आणखी एक योगायोग असा, की बेल यांचा अर्ज पोहोचला त्याच दिवशी, १४ फेब्रुवारी १८७६ रोजी, एलिशा ग्रे यांनीही टेलिफोनसाठी कॅव्हेट दाखल केले होते.

बाजारात सावधपणाचे हे ओझे ग्राहकाच्या खांद्यावर येते. ‘कॅव्हेट एम्प्टर’ म्हणजे ‘घेणाऱ्याने सावध असावे’. १९३०च्या वस्तुविक्री कायद्याचे कलम १६ याच तत्त्वावर उभे आहे. मात्र त्यातच अपवादही आहेत. विक्रेत्याच्या ज्ञानावर विसंबून, गरज सांगून घेतलेली वस्तू त्या कामाची असलीच पाहिजे. ग्राहक संरक्षणाचे १९८६ आणि २०१९चे कायदे, तसेच २०१७ पासून महारेरा, यांनी हे ओझे बरेचसे विक्रेत्याकडे व बिल्डरकडे सरकविले. तरीही घर घेताना मालकीहक्काची कागदपत्रे वकिलाकडून तपासून घेणे कोणाला चुकलेले नाही.

सर्वसामान्य इंग्रजीत हा शब्द ‘पुरवणी अट’ किंवा ‘होय, पण...’मधला ‘पण’ म्हणून येतो. अफगाणिस्तानातील ‘नाटो’च्या मोहिमेत सैन्य पाठविताना काही देशांनी ते कोठे आणि कशासाठी वापरायचे यावर बंधने घातली होती. त्यांनाही ‘नॅशनल कॅव्हेट्स’ असेच म्हटले गेले, आणि सेनापतींना तो मोठाच जाच वाटे.