निसर्ग काटकसरी आहे का? : किमान ऊर्जेच्या कल्पनेचा इतिहास

मंडळी, सोनगीरला उभं राहून तांब्या-पितळेबद्दल बोलायचं म्हणजे जरा धाडसच. मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या या गावाची ओळख जितकी किल्ल्याची, तितकीच भांड्यांची. तेव्हा इथल्या कारागिरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असलेल्या गोष्टीपासूनच आपण सुरुवात करू. तांब्याचा पत्रा ठोकत गेलं की तो कडक होतो. आणखी ठोकलं तर तडकतो. मग त्याला भट्टीत लाल करायचं, की पुन्हा नरम. आता प्रश्न असा, की हातोड्याने दिलेली ऊर्जा गेली कुठे? आणि वरून आगीची ऊर्जा दिल्यावर धातू ‘शांत’ कसा काय होतो?

‘शांत’ हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला. आम्ही तत्त्वज्ञानवाले अशाच शब्दांत अडकतो. धातूला शांत व्हावंसं वाटतं का?

अठराव्या शतकात युरोपातल्या मोठमोठ्या माणसांना असंच काहीसं वाटत होतं. बर्लिनच्या अकादमीचे अध्यक्ष मोपेर्तुई यांनी १७४४ ते १७४६ च्या दरम्यान ‘किमान क्रिये’चं तत्त्व मांडलं. निसर्ग प्रत्येक बदलात एक ठरावीक राशी कमीत कमी खर्च करतो, आणि अशी काटकसर दिसते त्याअर्थी तिच्यामागे शहाणा ईश्वर आहे, असा त्यांचा युक्तिवाद. १७५१ साली केनिग यांनी सांगितलं, की ही कल्पना लायब्निट्स यांच्या एका जुन्या पत्रात आधीच आहे. मूळ पत्र काही सापडेना. अकादमीने ते बनावट ठरवलं. मग व्होल्तेर यांनी मोपेर्तुईंची अशी टर उडवली, की राजा फ्रेडरिकने ती पुस्तिका १७५२ च्या डिसेंबरात जाहीरपणे जाळायला लावली. काटकसरीच्या तत्त्वापायी एवढी उधळपट्टी!

या गोंगाटात खरं काम बाजूलाच चाललं होतं. दानिएल बेर्नुली यांनी ऑयलर यांना पत्राने सुचवलं, की लवचीक पट्टी वाकवली तर ती कोणता आकार घेईल हे शोधायला तिच्या वाकण्यात साठणारी राशी कमीत कमी धरून बघा. ऑयलर यांनी १७४४ च्या ग्रंथात ते करून दाखवलं. त्यात ईश्वराच्या हेतूची गरज हिशेबाला कुठेच पडली नाही.

पुढे इंजिनिअरांनी ही वाट धरली. साधं उदाहरण घ्या. तिवईवर वजन ठेवलं तर प्रत्येक पायावर किती भार येतो, ते समतोलाच्या नियमांनी निघतं. चार पायांच्या खाटेचं मात्र निघत नाही. एक पाय ‘जादा’ असतो. मग पाय किती दबतात तेही धरावं लागतं. इटलीचे कास्तिल्यानो यांनी १८७३ च्या तूरीनमधल्या प्रबंधात अशा प्रश्नांचा मार्ग दाखवला : समतोल पाळणाऱ्या सगळ्या शक्य वाटण्यांपैकी जिच्यात साठलेली ऊर्जा सर्वांत कमी, तीच खरी. पण खाट काही शंभर वाटण्या तपासून एक निवडत नाही. चारही पायांचं दबणं एकमेकांशी जुळलं पाहिजे, ही अट आहे. ‘किमान’ हे त्याच अटीचं गणिती रूप. आमच्या मते मोपेर्तुई चुकले ते इथे. हिशेबाच्या अटीला त्यांनी हेतू मानलं. शिवाय एकोणिसाव्या शतकात हॅमिल्टन यांच्यानंतर हेही स्पष्ट झालं, की ती ‘क्रिया’ नेहमी कमीत कमी असतेच असं नाही. अंतर्वक्र आरशात प्रकाशाची वाट कधी कधी शेजारच्या वाटांपेक्षा लांबही असते.

आता पुन्हा पितळेकडे. टेलर आणि क्विनी यांनी १९३४ साली मोजून दाखवलं, की धातू ठोकण्या-पिळण्यात घातलेल्या श्रमाचा बहुतेक भाग उष्णता होऊन निघून जातो, पण थोडा आतच अडकून राहतो. अणूंची रांग विस्कटते, तिच्यात. म्हणजे ठोकलेलं भांडं किमान ऊर्जेच्या अवस्थेत नसतंच! टेकडीवरच्या खळग्यात अडकलेल्या गोटीसारखं ते असतं. खाली दरी आहे, पण मधला उंचवटा ओलांडायला धक्का हवा. भट्टी तो धक्का देते.

हा धक्का वेळेवर दिला नाही तर काय होतं, ते हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजेने पाहिलं. पितळी काडतुसं पावसाळ्यात आपोआप चिरायची. कोणी ठोकलं नाही, कोणी उडवली नाहीत. काडतुसं तबेल्यांत साठवलेली. घोड्यांच्या मुतातून अमोनिया सुटायचा, हवा दमट, आणि घडवताना राहिलेला ताण धातूच्या पोटात. तिन्ही मिळून भेग. १९२१ साली हे कारण पक्कं झालं. उपाय निघाला तो लाल करण्याचा नव्हे. काडतूस बेताचंच तापवायचं. तेवढ्याने आतला ताण सुटतो आणि घडवताना आलेला कडकपणा जवळजवळ तसाच राहतो.