सर दोराबजी टाटा : कारखानदार आणि क्रीडासंघटक

कारखानदाराची कामगिरी कामगार चळवळीतल्या माणसाने सांगावी, याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. पण इतिहासाचा हिशेब मांडायचा तर जमा आणि खर्च या दोन्ही बाजू दाखवाव्या लागतात. सर दोराबजी टाटांच्या खात्यात दोन्ही बाजू भरभक्कम आहेत.

जमशेटजींचे हे थोरले चिरंजीव १८५९ साली जन्मले. केंब्रिजला शिकत असताना ते क्रिकेट, फुटबॉल, टेनिस मनापासून खेळले. परत आल्यावर काही काळ वृत्तपत्रात काम करून १८८४ साली ते वडिलांच्या कापसाच्या व्यवसायात शिरले. पुढे पोलादाच्या कारखान्यासाठी लोखंड शोधायचे म्हणून त्यांनी आपल्या चांदा जिल्ह्याचे रान बैलगाडीने पालथे घातले. १९०४ साली जमशेटजी गेले. १९०७ साली पोलाद कंपनी उभी राहिली आणि १९१२ साली पहिले पोलाद निघाले. वडिलांनी पाहिलेले स्वप्न मुलाने भट्टीत उतरवले, असे म्हणणे वावगे होणार नाही.

१९१९ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने शर्यती भरवल्या. दोराबजी तेथे अध्यक्ष होते. धावणारी पोरे बहुतेक शेतकऱ्यांची, पाय अनवाणी. शर्यतीचे आंतरराष्ट्रीय नियम ना त्यांना ठाऊक, ना चालकांना. तरीही त्यांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या जवळपास जात होत्या. ही गोष्ट जाणत्या खेळाडूच्या नजरेतून सुटली नाही. मुंबईच्या गव्हर्नरांकडे शब्द टाकून दोराबजींनी हिंदुस्थानसाठी ऑलिंपिकचे दार उघडून घेतले आणि खर्चाचा मोठा भार स्वतः उचलला.

१९२० साली अँटवर्पला चौगुले, दातार, कैकाडी हे धावपटू, नवले आणि शिंदे हे मल्ल व बंगालचे बॅनर्जी गेले. बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. पदक मिळाले नाही, पण वाट पडली. त्याच वर्षी दोराबजी आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे सभासद झाले. १९२४ साली पॅरिसला संघ गेला. १९२७ साली भारतीय ऑलिंपिक संघटना स्थापन झाली, तिचे पहिले अध्यक्ष तेच. पुढच्याच वर्षी ते बाजूला झाले आणि पतियाळाचे महाराज त्या जागी आले.

आता दुसरी बाजू. ज्या १९२० साली पोरे अँटवर्पला धावली, त्याच साली जमशेदपूरच्या कामगारांनी पगारासाठी संप केला, आणि त्यांच्यावर गोळीबार होऊन माणसे मेली. त्या कारखान्यात आठ तासांचा दिवस १९१२ सालीच आला होता, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. चांगला मालक असला तरी मजुराला संघटना लागतेच, हा त्या संपाचा धडा. १९२१ साली मुळशीच्या मावळ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह मांडला. सेनापती बापट पुढे होते. जमिनी अखेर पाण्याखाली गेल्याच. जिमखान्यावर अनवाणी धावणारा आणि मुळशीत जमीन गमावणारा, दोघे एकाच शेतकऱ्याच्या जातकुळीचे. पहिल्याचे गुण दोराबजींनी ओळखले. दुसऱ्याचे दुःख त्यांच्या कंपनीला दिसले नाही.

आणि तरीही हा माणूस निव्वळ नफ्याचा नव्हता. १९२४ साली पोलाद कंपनी बुडू लागली, तेव्हा त्यांनी खाजगी मालमत्ता गहाण टाकून तिला तारले. १९३२ साली मरणाआधी आपली संपत्ती न्यासाला दिली. त्या पैशातून १९३६ साली समाजकार्याचे विद्यालय आणि १९४१ साली मुंबईचे कर्करोग रुग्णालय उभे राहिले. मराठवाड्यातला किती रोगी त्या रुग्णालयाच्या दारात गेला असेल! त्या विद्यालयाची पुढे झालेली संस्था आज आपल्या तुळजापुरातही काम करते.

तात्पर्य काय? गुण गरिबाच्या घरी असतो, संधी मात्र कुणीतरी द्यावी लागते. १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक मिळवणाऱ्या खाशाबा जाधवांना जाण्यासाठी वर्गणी गोळा करावी लागली. आपल्या लातूर जिल्ह्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार तालमीच्या मातीतूनच मोठे झाले. एखाद्या धनिकाची नजर पडेल, ही वाट पाहणे हा काही समाजाचा कारभार नव्हे. नांदेडची उस्मानशाही गिरणी बंद पडली, त्या गिरणीकामगारांच्या नातवंडांतही धावणारी पोरे आहेत. त्यांच्यासाठी मैदान, प्रशिक्षक आणि पोटभर अन्न हे देणगी म्हणून नव्हे, हक्क म्हणून मागितले पाहिजे. दोराबजींनी जे एकट्याने केले, ते आपण सर्वांनी मिळून करायचे आहे.