अण्णा नाईकांचे पुनरागमन आणि आपण प्रेक्षक

इ. स. २०१६ च्या प्रारंभी धाराशिव जिल्हा, त्या वेळचा उस्मानाबाद, दुष्काळाने होरपळून निघाला होता. मांजरा धरणाने तळ गाठला होता आणि एप्रिल महिन्यात शेजारच्या लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे वाचकांच्या स्मरणात असेलच. त्याच वर्षी २२ फेब्रुवारी रोजी रात्री साडेदहा वाजता झी मराठी वाहिनीवर ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका सुरू झाली. पडद्यावर कोकणातील ओलाचिंब हिरवा परिसर, माडांची सळसळ आणि जुना प्रशस्त वाडा. आणि पडद्यासमोर उद्याचा टँकर येतो की नाही या चिंतेत बसलेले आमच्याकडील कुटुंब. या विसंगतीचे मला तेव्हापासून नवल वाटत आले आहे. ज्या मुलुखात भुताला लपायला झाड उरले नव्हते, तेथील माणसे दुसऱ्या मुलुखातील भुते पाहण्यासाठी जागत होती.

त्या मालिकेचा, आणि विशेषतः तिच्या पुनरागमनाचा, आपल्या प्रेक्षकांनी कसा स्वीकार केला याची नोंद कुणीतरी करून ठेवावी असे वाटते. दूरचित्रवाणीवरील करमणुकीला इतिहास नसतो असा आपला समज आहे. परंतु ज्या कथेने तीन वेळा येऊन लाखो घरांतील निजण्याची वेळ बदलली, ती समाजाच्या मनाविषयी काही सांगून जाते, असे मानायला हरकत नसावी.

मालिकेचे नावच मुळी पूर्वस्मृतीतून आले होते. १९७६ साली वसंत जोगळेकर यांचा ‘हा खेळ सावल्यांचा’ हा चित्रपट आला. त्यातील सुधीर मोघे यांनी लिहिलेल्या आणि हृदयनाथ मंगेशकर यांनी संगीत दिलेल्या गीताचे आरंभीचे शब्द मालिकेने आपल्या कपाळी लावले. पन्नाशी ओलांडलेल्या प्रेक्षकाला ते शब्द कानी पडताच पुढचे काही सांगावे लागत नव्हते. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या गूढकथांवर दोन पिढ्या पोसल्या होत्या, त्यामुळे भयाची गोडी मराठी वाचकाला नवी नव्हती. नवे होते ते एवढेच, की हे भय आता रोज, आठवड्यातील सहा रात्री, संपूर्ण कुटुंबाच्या पुढ्यात येऊन बसू लागले.

पहिल्या पर्वाची मांडणी साधी होती. नाईकांच्या वाड्यातील कर्ते पुरुष अण्णा प्रारंभीच मरण पावतात, विखुरलेली मुले वाड्यात जमतात आणि मग एकामागून एक अतर्क्य घटना घडू लागतात. स्वप्न कोठे संपले आणि जागेपण कोठे सुरू झाले हे प्रेक्षकाला उमगू नये अशी योजना होती. विसराळू पांडूचे ‘इसारलंय’ हे एकच उत्तर महाराष्ट्रभर लोकांच्या तोंडी बसले. मालवणी बोली आमच्याकडे अपरिचित खरी. पण विसरण्याला ‘इसरणे’ आमच्या भागातही म्हणतात, त्यामुळे पांडू आम्हाला फारसा परका वाटला नाही.

त्या वेळी प्रतिक्रिया दोन प्रकारच्या होत्या. एक उत्सुकतेची: हे कोण करते, माणूस की भूत? दुसरी आक्षेपाची. खुद्द सिंधुदुर्गातून तक्रारी निघाल्या की या मालिकेमुळे कोकणची प्रतिमा मलिन होते आणि अंधश्रद्धेला खतपाणी मिळते. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या २० ऑगस्ट २०१३ रोजी झाली होती आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा महाराष्ट्रात आला होता. या गोष्टीला पुरती तीन वर्षेही झाली नव्हती. गंमत अशी की एकीकडे आक्षेप चालू असता दुसरीकडे कुडाळ तालुक्यातील आकेरी गावी, जेथे चित्रीकरण होत असे, तो वाडा पाहण्यासाठी पर्यटकांची रीघ लागली.

आमच्या जिल्ह्यात या भयाला आणखी एक पदर होता, तो मुंबई-पुण्याच्या लेखकांच्या ध्यानी येणे कठीण. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, गणेशविसर्जनाच्या रात्रीनंतर लोक दमून झोपले असता, किल्लारी-सास्तूर परिसर भूकंपाने हादरला आणि हजारो माणसे आपल्याच घरांच्या दगड-मातीच्या जाड भिंतींखाली गाडली गेली. सास्तूर आज लोहारा तालुक्यात, म्हणजे आमच्याच जिल्ह्यात आहे. त्या भागातील जी मंडळी पुनर्वसनाच्या सरळ रांगांतील घरांत राहतात, त्यांना रात्रीच्या वेळी जुन्या वाड्यातून येणारा आवाज म्हणजे केवळ करमणूक नाही. अशा घरांतील काही वडीलधाऱ्यांनी ही मालिका कधीच पाहिली नाही. कारण विचारले तर सांगत नाहीत. उठून अंगणात जाऊन बसतात. त्यांच्या नातवंडांना मात्र त्यांचे उठून जाणे कळत नाही, कारण त्यांनी वाडा पाहिला तो दूरचित्रवाणीवरच.

पहिले पर्व ऑक्टोबर २०१६ मध्ये संपले. तोवर मराठवाड्यात पाऊस झाला होता, मांजरा भरले होते आणि लोक आपापल्या उद्योगाला लागले होते.

मग १४ जानेवारी २०१९ रोजी मालिका परत आली, आणि येताना काळाच्या उलट दिशेने आली. अण्णा तर मेले होते. म्हणून दुसऱ्या पर्वात ते हयात असतानाची कथा सांगितली गेली. माधव अभ्यंकरांनी साकारलेले अण्णा आणि अपूर्वा नेमळेकरांची शेवंता, ही पहिल्या पर्वात बव्हंशी इतरांच्या बोलण्यातून भेटणारी माणसे आता रक्तामांसाची होऊन समोर उभी राहिली. परिणाम विलक्षण झाला. प्रेक्षकाला शेवट ठाऊक होता, त्यामुळे ‘पुढे काय होणार’ हा प्रश्नच उरला नाही. त्याची जागा ‘हे असे का झाले’ या प्रश्नाने घेतली. भुताची गोष्ट पापाची गोष्ट झाली. परस्त्रीचा मोह, लोकांची मत्ता गिळण्याची हाव, खून, आणि गावात मात्र मानाचे स्थान: नाईकांच्या वाड्यातील अंधार कोठून आला ते प्रेक्षकाला रात्रीमागून रात्र दिसत गेले. माझ्या मते ही तिन्ही पर्वांतील सर्वांत सकस कामगिरी होय.

परंतु प्रेक्षकांनी तिचा स्वीकार ज्या रीतीने केला, ती रीत मला अस्वस्थ करते. लोकांना अण्णा आवडू लागले. खुनी, व्यभिचारी, सावकारी वृत्तीचा हा पुरुष भ्रमणध्वनीवरील विनोदांचा नायक झाला. त्याच्या चालण्याबोलण्याच्या नकला स्नेहसंमेलनांतून होऊ लागल्या. अण्णा आणि शेवंता यांची जोडी जणू प्रेमाचा आदर्श असावी अशा थाटात तिची चर्चा होई. अभिनयाला दाद देणे वेगळे. गाव ज्याला भिते त्याच्याविषयी मनात एक गुप्त कौतुक असते, ते या निमित्ताने उघडे पडले. निजामी अंमलात देशमुखी-सावकारीचा जाच ज्या जिल्ह्याने १९४८ पर्यंत सोसला, त्या जिल्ह्यातही हे व्हावे, याचे आश्चर्य वाटते. किंवा कदाचित वाटू नये.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि चित्रीकरण थांबले. दूरदर्शनने २८ मार्चपासून रामानंद सागरांचे ‘रामायण’ पुन्हा दाखवायला घेतले, आणि सारा देशच जुन्या गोष्टींकडे वळला. जुलैत मालिका पुन्हा सुरू होऊन ऑगस्टच्या अखेरीस दुसरे पर्व संपले. त्या दिवसांत लोक मृत्यूच्या वार्ता दिवसा ऐकत आणि रात्री नाईकांच्या वाड्यात जात.

परदेशातील एक उदाहरण येथे उपयोगी पडेल. अमेरिकेत एप्रिल १९९० मध्ये डेव्हिड लिंच आणि मार्क फ्रॉस्ट यांची ‘ट्विन पीक्स’ ही मालिका सुरू झाली. लॉरा पामर या तरुणीचा खून आणि तिच्या गावातील गूढ, स्वप्नासारखा व्यवहार हा तिचा विषय. खुनी कोण हे वाहिनीच्या आग्रहाखातर उघड करावे लागले, प्रेक्षक ओसरले आणि १९९१ साली मालिका बंद पडली. २०१७ साली लिंच ती घेऊन परत आले. प्रेक्षकांना हवा होता तो पूर्वीचा हसतमुख, कॉफीप्रेमी अधिकारी डेल कूपर. लिंच यांनी अठरांपैकी पंधरा भाग त्याला जवळजवळ मुका आणि भानावर नसलेला ठेवला. सोळाव्यात तो जागा झाला आणि शेवटी पुन्हा अंधारात हरवला. पुष्कळ लोक संतापले, फसवणूक झाली म्हणाले. उलट फ्रान्समधील ‘काइये द्यु सिनेमा’ या नामांकित नियतकालिकाने त्याच मालिकेला दशकातील सर्वोत्कृष्ट चित्रकृती ठरवले. गेलेले जसेच्या तसे परत मिळत नाही, एवढेच लिंच यांनी प्रेक्षकाला दाखवले होते, आणि तेच अनेकांना सोसले नाही.

आपल्याकडे नेमके उलट घडले. ‘अण्णा परत येणार’ हे वाक्य लोकांच्या तोंडी होते, आणि २२ मार्च २०२१ रोजी तिसरे पर्व घेऊन अण्णा खरोखरच परत आले. यावेळी भूत होऊन, शेवंतेसह. प्रेक्षकाने जे मागितले ते वाहिनीने त्याच्या ताटात वाढले. महिनाभरातच महासाथीच्या दुसऱ्या लाटेने चित्रीकरण पुन्हा अडले आणि मालिकेत खंड पडला. पुढे शेवंतेची भूमिका करणारी अभिनेत्रीही बदलली, आणि तो बदल पुष्कळांना रुचला नाही. एप्रिल २०२२ मध्ये तिसरे पर्व संपले तेव्हा आमच्याकडे त्याची चर्चा फारशी झाल्याचे मला आठवत नाही. ज्या अण्णांची नुसती छाया २०१६ साली अंगावर काटा आणत होती, ते आता रोज रात्री नेमाने येत. आणि रोज येणाऱ्या पाहुण्याला कोण घाबरतो?

एक निरीक्षण मात्र नोंदवून ठेवतो. पुरुष आणि तरुण मुले अण्णांविषयी बोलत. पण धर्मग्रामातील प्रौढ स्त्रियांना विचारले की त्या माईविषयी बोलत. शकुंतला नरे यांनी उभी केलेली ही अण्णांची पत्नी. नवऱ्याचे सारे उद्योग डोळ्यांनी पाहणारी, लेकरांना पदराआड घेणारी, नवरा मेल्यावरही त्याच वाड्यात चूल पेटवणारी. तिसऱ्या पर्वात वाड्याची रया गेली, मुले पांगली, माई थकली. तरी ती तेथेच होती. दुष्काळात ऊसतोडीला गेलेल्या नवऱ्याची वाट पाहत घर सांभाळलेल्या एका बाईने मला विचारले होते, “फादर, त्या माईनं वाडा सोडून का न्हाई गेली वो?” शेजारी बसलेल्या तिच्या सासूने माझ्या आधीच उत्तर दिले, “जाणार कुठं?”