दुहेरी कुलूप

कोषागाराच्या सुरक्षा कक्षाला दुहेरी कुलूप असते. दोन किल्ल्या दोन वेगळ्या अधिकाऱ्यांकडे. दोघे हजर असल्याशिवाय दार उघडत नाही. ब्रिटिश अमदानीपासून चालत आलेल्या या पद्धतीत कोणावर अविश्वास नाही. एकाच माणसाच्या प्रामाणिकपणावर सारी भिस्त ठेवू नये, एवढेच तिच्यामागचे शहाणपण. कौटिल्याने ‘अर्थशास्त्रा’त राजधनाच्या अपहाराचे चाळीस प्रकार नोंदवले, तेही याच जाणिवेतून.

संगणक आले आणि तिजोरी अदृश्य झाली. कुलपाचे काय, हा प्रश्न मात्र आपण सावकाश विचारला. माहिती तंत्रज्ञान अधिनियम ऑक्टोबर २००० मध्ये अमलात आला, तेव्हा त्याचा मुख्य भर इलेक्ट्रॉनिक व्यवहारांना व अभिलेखांना कायदेशीर मान्यता देण्यावर होता. जानेवारी २००४ मध्ये ‘सर्ट-इन’ ही संस्था कामाला लागली. तिला वैधानिक अधिष्ठान मिळाले ते २००८ च्या दुरुस्तीने, जी ऑक्टोबर २००९ पासून लागू झाली. जुलै २०१३ च्या राष्ट्रीय सायबर सुरक्षा धोरणाने प्रत्येक संस्थेने वरिष्ठ व्यवस्थापनातील एका व्यक्तीस माहिती सुरक्षेचा प्रमुख नेमावे, असे सुचवले. अत्यावश्यक यंत्रणांच्या रक्षणासाठी २०१४ मध्ये स्वतंत्र केंद्र आले.

कागदावर सारे यथास्थित होते. तरीही नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्स रुग्णालयाचे पाच सर्व्हर बाधित झाले आणि सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली. कुलूप या वेळी चोराचे होते. नोंदणीपासून तपासणी अहवालांपर्यंतची कामे कित्येक दिवस हाताने करावी लागली. जाळ्याची विभागणी योग्य नव्हती, हे कारण पुढे सरकारने संसदेत सांगितले. म्हणजे एका दालनात शिरलेल्यास सारा वाडा मोकळा होता. न बाधलेल्या एका राखीव सर्व्हरवरून ई-हॉस्पिटलची माहिती परत मिळाली, हे सुदैव नव्हे. ते कुणीतरी वेळेवर केलेल्या नीरस कामाचे फळ होते.

याच वर्षी, एप्रिलमध्ये, ‘सर्ट-इन’ने घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवण्याचा आणि नोंदी १८० दिवस जपण्याचा आदेश दिला होता. आदेश योग्यच आहे. पण अनुपालन आणि सुरक्षा या दोन गोष्टी एक नव्हेत. एका कार्यालयाच्या तपासणीत मला प्रत्येक रकाना भरलेला आणि प्रत्येक पानावर सही असलेला आढळला. निवृत्त होऊन दीड वर्ष झालेल्या कर्मचाऱ्याचे संगणकीय खाते मात्र चालू होते. सुरक्षा अधिकाऱ्याचे पद ‘अतिरिक्त कार्यभार’ म्हणून ज्यांच्याकडे होते, त्यांना दोष देण्यास माझी जीभ रेटली नाही. त्यांना जबाबदारी दिली होती. ना मनुष्यबळ, ना नाही म्हणण्याचा अधिकार.

म्हणून देखरेख करणाऱ्याने पाहायचे ते तीनच: यंत्रणा चालवणारा आणि तपासणारा वेगळे आहेत काय, तपासणाऱ्याचा शब्द थेट प्रमुखापर्यंत पोहोचतो काय, आणि जोखीम तशीच राहू द्यायची ठरल्यास त्या निर्णयाखाली सही कोणाची? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर दोन्ही किल्ल्या एकाच खुंटीला टांगलेल्या आहेत, असे खुशाल समजावे.