धुराड्यांतील काजळी आणि कर्करोगाचें कारण

इ. स. १६६६ मध्यें लंडन शहरास जी भयंकर आग लागली, तिनें शहराचा मोठा भाग भस्मसात् केला. त्या राखेंतून जें नवें लंडन उभें राहिलें तें विटांचें होतें, आणि घरोघरीं दगडी कोळसा जाळण्याच्या शेगड्या भिंतींत बसविलेल्या होत्या. त्यांचा धूर बाहेर जावा म्हणून भिंतींच्या पोटांतून वाटा काढीत. ह्या वाटा अरुंद व नागमोडी असत. कोठें आडव्या जात, तर कोठें काटकोनांत वळत. पुष्कळ धुराड्यांच्या नळाची लांबी चौदा इंच व रुंदी नऊ इंच असे. कांहींची तर दोन्ही बाजूंनीं नऊच इंच. वाचकांनीं आपल्या हाताची वीत पुढें धरून पाहावी, म्हणजे नऊ इंचांची कल्पना येईल. एवढ्याशा भोंकांत शिरून काजळी खरवडणार कोण?

लंडनच्या सुसंस्कृत गृहस्थांना ह्या प्रश्नाचें उत्तर सांपडलें तें असें, कीं लहान मुलांना आंत पाठवावें. अनाथ मुलें, किंवा दरिद्री आईबापांनीं थोड्याशा पैशांसाठीं दिलेलीं मुलें, पांचव्यासहाव्या वर्षींच धुराडें झाडणाऱ्या उस्तादाकडे उमेदवार म्हणून राहत. कोपरें व गुडघे सोलून निघूं नयेत म्हणून त्यांवर मिठाचें पाणी चोळून कातडी राठ करीत. कित्येक मुलें उघड्या अंगानेंच चढत. दिवसां गोळा केलेल्या काजळीचीं पोतीं रात्रीं अंथरूण-पांघरूण म्हणून उपयोगीं पडत. ती काजळीहि वायां जात नसे. शेतकरी ती खतासाठीं विकत घेत. मुलांना स्नान मात्र क्वचितच घडे.

लंडनच्या सेंट बार्थॉलोम्यू रुग्णालयांत त्या काळीं पर्सिव्हल पॉट (१७१४–१७८८) हे नामांकित शस्त्रवैद्य होते. पाठीच्या कण्याच्या क्षयास आजहि वैद्यकांत त्यांचें नांव लावतात. १७७५ मध्यें त्यांनीं शस्त्रवैद्यकासंबंधीं आपलीं निरीक्षणें प्रसिद्ध केलीं. त्यांत मोतीबिंदु इत्यादि विषयांच्या जोडीला धुराडीं झाडणाऱ्यांच्या एका रोगाविषयीं थोडासाच मजकूर होता. ह्या लोकांच्या वृषणांवरील त्वचेवर प्रथम चामखिळीसारखा एक लहानसा व्रण उठे. धंद्यांतील माणसें त्यास काजळीचा चामखीळ म्हणत. वैद्य तो गुप्तरोग समजून पाऱ्याचीं औषधें देत, आणि तोंपर्यंत व्रण आंत पसरून रोगी हाताबाहेर जाई. हा गुप्तरोग नसून कर्करोग आहे, आणि त्वचेच्या सुरकुत्यांत अडकून राहणारी काजळी हें त्याचें मूळ आहे, असें पॉट यांनीं लिहिलें. धंद्यापासून उद्भवणाऱ्या कर्करोगाचें हें पहिलें स्पष्ट वर्णन मानलें जातें. शरीर पेशींचें बनलेलें आहे हें ज्ञान त्या वेळीं अजून साठ वर्षें दूर होतें. रोगी काय काम करतो, एवढा एकच प्रश्न पॉट यांनीं नीट विचारला, आणि कारण हातीं लागलें.

ह्या रोगाचें एक लक्षण विशेष ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. काजळी अंगांत मुरे बाळपणीं, आणि व्रण दिसे तो बहुधा तिशी उलटल्यावर. मधल्या वीस-पंचवीस वर्षांत मूल मोठें होई, धंदा सोडी, गांव बदली. उस्ताद म्हातारा होई किंवा मरे. ज्या घराची शेगडी त्या मुलामुळें नीट पेटली होती, त्या घरांत दुसरीच पिढी नांदत असे. शिवाय प्रत्येक मुलास हा रोग होई असेंहि नाहीं. कोणास होईल आणि कोण सुटेल हें कोणीच सांगूं शकत नसे. कारण व कार्य यांमध्यें असें लांबलचक अंतर पडलें, कीं अपराधाची जबाबदारी कोणाच्याच दारीं उभी राहत नाहीं.

उपाय मात्र अवघड नव्हता. पॉट यांच्या लेखानंतर तीनच वर्षांनीं, म्हणजे १७७८ मध्यें, डेन्मार्कमधील धुराडें झाडणाऱ्यांच्या संघानें आपल्या सभासदांस रोज स्नान करण्याची ताकीद दिली. पाणी, साबण आणि थोडा वेळ, एवढाच त्याचा खर्च. खुद्द इंग्लंडांत १७८८ मध्यें कायदा झाला, आणि आठ वर्षांखालील मुलास उमेदवार ठेवूं नये असें त्यांत ठरलें; पण त्याची अंमलबजावणी करणारें कोणी नव्हतें. १८०३ मध्यें लांब दांड्याचा यांत्रिक कुंचा निघाला. त्यामुळें मुलांना चढविण्याची गरजच उरली नव्हती. तथापि वांकड्यातिकड्या धुराड्यांत कुंचा नीट फिरत नाहीं, खालीं पडणाऱ्या काजळीनें दिवाणखान्यांतील गालिचे मळतात, अशा तक्रारी निघाल्या. १८१९ मध्यें मुलांना चढविण्यास बंदी करणारें विधेयक सरदारांच्या सभेंत बारगळलें. १८४० मध्यें एकवीस वर्षांखालील कोणासहि धुराड्यांत चढवूं नये असा कायदा झाला, तो बहुतांशीं कागदावरच राहिला. १८६४ मध्यें तो कडक केला, तरी मुलें चढतच राहिलीं. अखेर १८७५ मध्यें केंब्रिजजवळच्या एका इस्पितळाचें धुराडें साफ करतांना एक मुलगा मरण पावला, आणि त्याच वर्षीं ह्या धंद्यास पोलिसांचा परवाना सक्तीचा करणारा कायदा होऊन ही चाल बंद पडली. पॉट यांच्या लेखास तेव्हां शंभर वर्षें झालीं होतीं.

ह्या शंभर वर्षांचा दोष अज्ञानावर टाकतां येत नाहीं. १८९२ मध्यें सेंट बार्थॉलोम्यूच्याच हेन्री बटलिन यांनीं निरनिराळ्या देशांतील ह्या धंद्याची तुलना केली. युरोपखंडांत हा रोग फारसा आढळत नव्हता. तेथील कामकरी अंगास घट्ट बसणारा, सर्वांग झांकणारा पोशाख घालून चढत व काम संपल्यावर अंग धूत. इंग्लंडांत मात्र कायद्यानंतरहि रोगी येतच होते, कारण पूर्वीच अंगांत मुरलेली काजळी कायद्यानें धुऊन निघत नव्हती.

काजळींत नेमकें विष कोणतें, हें कळण्यास आणखी काळ लागला. १९१५ मध्यें टोकियोच्या विद्यापीठांत कात्सुसाबुरो यामागिवा व त्यांचे सहकारी कोइची इचिकावा यांनीं सशांच्या कानांवर दगडी कोळशाचें डांबर महिनोन् महिने लावलें, आणि तेथें कर्करोग उत्पन्न झाला. पुढें लंडनमध्यें केनवे यांच्या मंडळीनें दोन टन डांबर गाळून, त्यांतून १९३३ मध्यें बेंझोपायरीन हा पदार्थ शुद्ध स्वरूपांत वेगळा केला. कोळसा, लाकूड, तंबाखू असें कांहींहि अर्धवट जळलें कीं हा पदार्थ व त्याचे भाऊबंद निर्माण होतात.

धुराड्यांचा धडा इंग्लंडनें कितपत गिरविला हें लँकेशायरच्या कापडगिरण्यांत दिसून आलें. म्यूल नांवाच्या सूतयंत्राच्या चात्यांना खनिज तेल देत. त्याचे थेंब उडून, वांकून धागा सांधणाऱ्या कामगाराची विजार भिजे. १९२२ मध्यें मँचेस्टरच्या वैद्यांनीं दाखविलें, कीं वृषणत्वचेच्या कर्करोगाच्या त्यांच्या १४१ रोग्यांपैकीं ६९ ह्याच यंत्रावर काम केलेले होते. कोणतें तेल वापरावें ह्याविषयीं सक्तीचे नियम झाले ते १९५३ मध्यें, आणखी एकतीस वर्षांनीं.

रोग्याची राहणी विचारण्याची हीच दृष्टि आपल्याकडे वसंत रामजी खानोलकर यांनीं दाखविली. मुंबईस परळ येथें १९४१ मध्यें टाटा स्मारक रुग्णालय सुरू झालें, तेथें ते विकृतिशास्त्राचा अभ्यास करीत. १९४५ मध्यें त्यांनीं सहकाऱ्यासह हिंदुस्थानांतील कर्करोगाच्या तीन प्रकारांचा संबंध चालीरीतींशीं जोडला: धोतराच्या घट्ट गांठीनें कमरेची त्वचा सतत घासणें, चिरुट पेटलेलें टोंक तोंडांत धरून ओढणें, आणि खैनी ओठांत दाबून ठेवणें. काश्मिरांत पोटाशीं कांगडी धरून शेकण्यानें होणारा कर्करोग तर एकोणिसाव्या शतकापासून वैद्यांस ठाऊक होता.

आपल्या घरांतील काजळीचाहि येथें विचार केला पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें धुराडें झाडणाऱ्यांच्या काजळीस व दगडी कोळशाच्या घरगुती धुरास मनुष्यांत निश्चितपणें कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांत गणलें आहे; लाकूडफाट्याच्या धुरास त्याखालोखाल, बहुधा तसा, असें म्हटलें आहे. ज्या घरीं चुलीवर स्वयंपाक होतो, तेथील आढ्यावरची काजळी वर्षांतून एकदां झाडली जाते. चुलीपुढें बसणाऱ्या गृहिणीच्या फुप्फुसांत गेलेली काजळी झाडण्याची सोय नाहीं. धुराचा धोका प्रत्येकीस सारखा नाहीं, आणि अमकीस रोग होईलच असेंहि म्हणतां येत नाहीं. तेवढ्यावरून स्वस्थ बसणें मात्र लंडनच्या गालिचेवाल्या गृहस्थांच्याच पंक्तीस बसणें होय.

कर्करोगाच्या उपचारावर आज अपार बुद्धि व द्रव्य खर्च होत आहे, आणि तें योग्यच आहे. परंतु जो रोग वीस वर्षांनीं प्रकट होतो, त्याच्या प्रतिबंधासाठीं रोग्यांची गणति पुरी होण्याची वाट पाहिली, तर पुढील वीस वर्षांचे रोगी आपणच आज तयार करीत असतों. डेन्मार्कच्या कामकऱ्यांना बेंझोपायरीनचें नांवहि ठाऊक नव्हतें. त्यांनीं काम संपल्यावर अंग धुतलें, आणि तेवढें त्यांना पुरलें.