वॉकर : चालणारा नव्हे, तुडवणारा

‘वॉकर’ हे आडनाव ऐकले की आपल्याला व्हिस्कीच्या बाटलीवरचा ढांगा टाकत निघालेला गृहस्थ आठवतो आणि वाटते, पूर्वज बरेच पायपीट करणारे असावेत. पाय खरेच आहेत, पण ते रस्त्यावर नाहीत, कुंडात आहेत. मागावरून उतरलेले लोकरी कापड विरळ असे. ते पाण्यात, शिळ्या मूत्रात, चिकणमातीत घालून तासन्‌तास तुडवले की त्यातले तेल निघे, धागे आटून घट्ट बसत. हे काम करणारा तो वॉकर. मुळातल्या जुन्या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ लोळवणे, घुसळणे असा होता. ‘चालणे’ नंतर आले.

कोणी म्हणेल, ही ओढूनताणून केलेली व्युत्पत्ती आहे. पण नकाशा पाहावा. याच धंद्याला आग्नेय इंग्लंडमध्ये फुलर म्हणत, नैर्ऋत्येला टकर आणि उत्तरेत वॉकर. आडनावेही जुन्या काळी त्याच पट्ट्यांत दाट सापडत. एक्सेटरला विणकर-टकरांच्या संघाचा टकर्स हॉल आजही उभा आहे. बाराव्या शतकापासून पाणचक्कीचे हातोडे कापड कुटू लागले, मग पायांचे नाव का टिकले, हा आक्षेप अधिक वजनदार. तरी गिरणी आली म्हणून बोली बदलत नाही. उत्तरेत त्या गिरणीलाच ‘वॉक मिल’ म्हणू लागले. आज वॉकर इंग्लंडमधल्या पहिल्या वीस आडनावांत आहे, फुलर आणि टकर बरेच मागे. यावरून उत्तरेत कापड तुडवणारे जास्त होते, असे मात्र म्हणता येणार नाही. कुणाचा वंश किती वाढला, यावरही आडनावाचा आकडा ठरतो.